तंतू, ताण आणि अटेन्युएटर

रात्रीचे साडेनऊ. सावनेरच्या जुन्या वस्तीत घराला घर लागून. ट्यूबचा माझा 20 वॅटचा अँप तापून तयार होता. मागच्या जाळीतून नारिंगी उजेड भिंतीवर पडला होता. पहिलीच कॉर्ड छेडली आणि शेजारच्या काकूंची हाक आली, ‘‘बाबू, आवाज जरा कमी कर न, पोराचा पेपर आहे उद्या!’’

आवाज कमी करायला हरकत नव्हती. पण व्हॉल्यूमचं बटण मागे घेतलं की ट्यूबचा सूरही विझतो. यावरचा उपाय म्हणजे अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारी पेटी, पॉवर अटेन्युएटर.

नाव परकं वाटतं, पण नातं घरचं आहे. लॅटिनमध्ये ‘तेनुइस’ म्हणजे पातळ. त्यावरून पातळ करणारा तो अटेन्युएटर. आपला ‘तनु’ हा त्याच कुळातला. वस्तू ताणली की पातळ होते, म्हणून मूळ अर्थ ताणण्याचा. संस्कृत ‘तन्’ धातूपासून तंतू, ताण आणि गवयाची तानही आली. ग्रीक ‘टोनोस’ याच घराण्यातला, आणि गिटारवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात तो ‘टोन’ त्याचाच वंशज.

वस्तूचं माहेर मात्र टेलिफोन. लांबच्या तारेत आवाज क्षीण होत जाई. अमेरिकेतल्या बेल कंपनीचे इंजिनिअर ती घट आधी ‘प्रमाण केबलच्या मैलां’त मोजत. 1920 च्या दशकात त्यांनी नवं एकक आणलं आणि ग्रॅहम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबल म्हटलं. चाचणीसाठी तारेचं भेंडोळं न पसरता तेवढीच घट रोधकांच्या जुळणीतून मिळवता येई. अटेन्युएटर तो हाच. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहानंतर 45 ची मर्यादा आहे, तीही याच डेसिबलमध्ये.

गिटारपर्यंत ही जुळणी पोचली ती ट्यूबच्या स्वभावामुळे. जुने रेडिओ मेकॅनिक जिला व्हॉल्व्ह म्हणतात, त्या काचेच्या नळीला तिच्या ताकदीबाहेर राबवलं की ध्वनिलहरीचे माथे चेपले जातात. त्यातून मूळ स्वरावर नवे उपस्वर चढतात आणि सूर भरदार, किंचित खरखरीत होतो. आउटपुटच्या ट्यूब पूर्ण ताणावर असल्या तरच हे पुरेपूर घडतं. 1965 मध्ये लंडनच्या जिम मार्शल यांनी ‘द हू’ बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याच्यासाठी 100 वॅटचे अँप बांधले. मैदानात ते शोभले. खोलीत त्यांना ताणावर आणणं अशक्य होतं.

एमआयटीत शिकलेला इंजिनिअर आणि ‘बोस्टन’ बँडचा गिटारवादक टॉम शोल्झ घराच्या तळघरात रेकॉर्डिंग करी. त्याच्या कंपनीने 1980 च्या सुमारास ‘पॉवर सोक’ बाजारात आणला. शक्ती शोषून घेणारा, असं नावच कामाचं. 20 डेसिबलची घट केली तर 100 वॅटपैकी 1 वॅट स्पीकरला जातो. उरलेल्या 99 ची उष्णता होते. म्हणून या पेटीला हवा लागते. अँप 8 ओहमचा तर पेटीही 8 ओहमचीच हवी, आणि भार न जोडता ट्यूबचा अँप कधी वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

सूर तंतोतंत तोच राहत नाही. खऱ्या स्पीकरचा विरोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो, साध्या रोधकाचा नाही. शिवाय आवाज मंद झाला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. 1933 मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलं, तेही बेलच्याच प्रयोगशाळेत.

मी पेटी जोडली, अँपचं बटण पुढे नेलं आणि 30 डेसिबल खाली आणले. स्पीकरपाशी पोचले जेमतेम 20 मिलिवॅट. पेटीच्या पाठीवर हात ठेवला तर ती चांगलीच तापली होती. तार छेडली, तीच भरदार खरखर, पण खोलीपुरती. कॉर्ड विरली तेव्हा भिंतीपलीकडून काकूंच्या पोराचं पाठांतर स्पष्ट ऐकू येत होतं.