आजोबांच्या ब्रशची मूठ

परवा नांदेडला माळा आवरताना आजोबांचा दाढीचा ब्रश सापडला. केस झडलेले, लाकडी मूठ उभी चिरलेली. टाकवेना.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, किल्लारीजवळ. पूर्वी तिथे घरात दाढीचं सामान नसे. न्हावी धोकटी घेऊन ओट्यावर यायचा. सुतार औतं दुरुस्त करायचा. दोघंही बलुतेदार, मोबदला सुगीला, धान्यात. १९०४ साली जिलेटला सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं आणि पुढे हळूहळू दाढी ओट्यावरून घरातल्या आरशासमोर आली. दाढी सोपी झाली, पण ओट्यावरच्या गप्पा गेल्या, असं आजोबा म्हणायचे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. चारच्या सुमारास भूकंप आला. दगडमातीच्या जाड भिंती आणि पांढऱ्या मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो गेले. आजोबाही. बाबांनी ढिगाऱ्यातून दोनच गोष्टी आणल्या, हा ब्रश आणि सागवानी तुळईचा एक तुकडा.

तोच तुकडा मी लेथवर लावला. जुन्या मुठीवरून मापं घेतली : बूड रुंद, कंबर बारीक, वर केसांच्या झुबक्यासाठी २१ मिलिमीटरचं भोक. पॉलिश कागदाने घासून जवसाचं तेल चोळलं. नवा झुबका बसवला.

ज्या माळवदाने आजोबांना नेलं, त्याचंच लाकूड हे. बाबांना द्यावं की नाही, कळेना. शेवटी दिलं. त्यांनी मूठ हातात फिरवली, काही बोलले नाहीत.

सकाळी पाहिलं तर ब्रश ओला होता.