ओट्यावरचा पट आणि मंडळाचा पट

वऱ्हाडांत पैनगंगेच्या कांठीं वसलेल्या मेहकर गांवाची ओळख इतिहासाच्या वाचकांस करून देण्याचें कारण नाहीं. ऐने-अकबरींत एका सरकाराचें ठाणें म्हणून त्याचें नांव आलेलें आहे. १७६९ सालीं थोरल्या माधवराव पेशव्यांची छावणी येथें पडली होती. १८८८ सालीं जमिनींतून निघालेली शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ति पाहावयास दुरून लोक येतात. आणि कविवर्य ना. घ. देशपांडे यांनीं वकिलीचा व्यवसाय सांभाळून आपली कविता याच गांवीं लिहिली. परंतु छावण्या आणि मूर्ति यांच्या इतिहासांत ज्याची नोंद कधींच होत नाहीं, अशी एक गोष्ट प्रत्येक जुन्या गांवांत असते, आणि ती म्हणजे तेथल्या लोकांच्या रिकाम्या वेळाचा इतिहास. त्यांतील एका प्रकरणाविषयीं, बुद्धिबळाविषयीं, आज चार शब्द लिहिण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या लहानपणीं दुपार कलली, कीं आमच्या आळींतील एका वाड्याच्या ओट्यावर पट पसरला जात असे. हा पट म्हणजे चौकटी शिवलेलें कापड. त्याची गुंडाळी करून तिच्यांतच मोहरीं बांधून ठेवीत. एक हत्ती हरवल्यामुळें त्याच्या जागीं सुपारी ठेवलेली असे, आणि त्या सुपारीस शेवटपर्यंत हत्तीचाच मान मिळे. खेळणारे दोघे असले तरी खेळ दोघांचा नसे. पांचसात मंडळी भोंवतीं बसलेली. त्यांपैकीं प्रत्येकास पुढची चाल दिसत असे, आणि ती सांगितल्यावांचून त्याच्यानें राहवत नसे. "घोडा घाल, घोडा!" असा एकाचा आग्रह, तर "घोडा गेला कीं वजीर अडकला" असा दुसऱ्याचा इशारा, मधेंच पानाचें तबक फिरावयाचें, आणि डाव रंगला कीं दिवेलागण होऊन गेल्याचेंही कोणास भान नसावयाचें. अर्धा राहिलेला डाव मोहरीं न हलवितां पाटाखालीं झांकून ठेवून दुसऱ्या दिवशीं पुरा केल्याचें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. वेळेची मोजणी नव्हती, चाली टिपून ठेवण्याची पद्धत नव्हती, आणि जिंकणाऱ्यास बक्षीस म्हटलें तर हरणाऱ्याच्या पदरचा चहा.

इंग्लंड-स्कॉटलंडांतील खेड्यांत हिंवाळ्याच्या रात्रीं गांवच्या दिवाणखान्यांत लांब हिरवें जाजम अंथरून त्यावर गोळे घरंगळविण्याचा एक खेळ चालतो. त्याचीं मंडळें असतात, वर्गणी असते, शेजारच्या गांवाशीं सामने होतात. साधा उतारवयाचा खेळ, परंतु त्याला सभासदांची यादी आणि नियमांचें पुस्तक आहे. आमच्याकडे खेळ होता, रसिक होते, ओटाही होता. यादी आणि पुस्तक मात्र नव्हतें. हा भेद वरवर क्षुल्लक दिसतो, पण बुद्धिबळाच्या इतिहासांत त्यानें मोठी उलथापालथ घडविली आहे.

हा खेळ मूळचा आपला, हें अभिमानानें सांगण्याची आपणांस संवय आहे, आणि तें खोटेंही नाहीं. सातव्या शतकांत बाणभट्टानें हर्षचरितांत अष्टापद आणि चतुरंग यांवर श्लेष केलेला आहे. म्हणजे तेव्हां तो श्लेष समजणारे वाचक होते. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यांपैकीं सोमेश्वर राजानें मानसोल्लासांत राजाच्या विनोदांमध्यें चतुरंगाला स्थान दिलें. सतराव्या शतकांत काशीच्या नीलकंठ भट्टानें नीतिमयूखांत या खेळाचें विवरण केलें. आणि हें भट्ट घराणें मूळचें आपल्या पैठणचें. धर्मशास्त्राचे निबंध लिहिणाऱ्या पंडितानें राजनीतीच्या ग्रंथांत पटाला जागा द्यावी, यांत आम्हांस त्या काळच्या मनाचा मोठेपणा दिसतो. असो. १९१३ सालीं हॅरल्ड मरे या इंग्रज पंडितानें बुद्धिबळाचा जो प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला, त्यांतही या खेळाचें जन्मस्थान हिंदुस्थानच ठरविलें आहे.

परंतु आमच्या ओट्यावर जो खेळ चाले, तो आज जगभर चालणारा खेळ नव्हे, हें तरुण वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल. देशी खेळांत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर पुढें जाई. राजा आणि हत्ती यांची अदलाबदल करून राजाला कोपऱ्यांत सुरक्षित बसविण्याची सोय नव्हती; त्याऐवजीं, शह लागण्यापूर्वीं राजाला जन्मांत एकदां घोड्याची उडी मारतां येत असे. प्यादें शेवटच्या घरीं पोंचलें, तर हवें तें मोहरें मागण्याचा त्यास अधिकार नव्हता; ज्या मोहऱ्याच्या घरीं तें पोंचलें, तेंच तें व्हावयाचें. हत्तीच्या घरीं गेलें तर हत्ती, घोड्याच्या घरीं गेलें तर घोडा. कित्येक ठिकाणीं प्रतिपक्षाचा राजा अगदीं एकटा उरला, म्हणजे डाव बरोबरीचा मानीत व त्यास बुर्ज म्हणत. त्यामुळें जिंकणाऱ्यास शत्रूचें एखादें प्यादें मुद्दाम जिवंत ठेवून मात करावी लागे. आणि सर्वांत मानाची मात ती प्याद्याची. वजिरानें मात केली तर लोक मान डोलवीत; प्याद्यानें केली तर ती गोष्ट आठवडाभर आळींत चाले.

या नियमांचा परिणाम खेळाच्या स्वभावावर कसा होतो, तें पाहण्यासारखें आहे. प्यादीं एकेक पाऊल चालतात, म्हणून दोन्ही सैन्यें एकमेकांस भिडण्यास वेळ लागतो. आरंभीं कोणी घाई करीत नाहीं. आपापल्या बाजूस तटबंदी करून, मोहरीं मागें लावून, मग हळूच वाट फोडावयाची. युरोपीय खेळांत आरंभींच्या दहा चालींवर ग्रंथच्या ग्रंथ झाले आहेत. आपल्या खेळाची सारी खुमारी मध्यावर आणि अखेरीस. नियम गांवोगांवीं थोडेफार बदलत. म्हणून परगांवचा खेळाडू आला, कीं पहिला अर्धा तास नियम ठरविण्यांतच जाई. यांत गोडी होती खरी. परंतु जेथें नियमच गांवाच्या वेशीपाशीं थांबतात, तेथें स्पर्धाही वेशीपाशींच थांबते. १८१४ सालीं मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर छापलें गेलें. त्यांतील डाव युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेले आहेत, असें त्याच्या मथळ्यावरच लिहिलें होतें. पेशवाई अजून चार वर्षें टिकावयाची होती. पटावर मात तिकडचे नियम आधींच येऊन पोंचले होते.

देशी खेळाडूची शक्ति युरोपीय नियमांनीं मोजली गेली, तेव्हां काय दिसलें? १८४८ च्या सुमारास कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नांवाचा निष्णात बॅरिस्टर खेळाडू होता. बंगालच्या अंतर्भागांत महेशचंद्र बंद्योपाध्याय नांवाचा एक ब्राह्मण कधींच हरलेला नाहीं, असें कानावर आल्यावरून त्यास शोधून आणण्यांत आलें, आणि पुढें अनेक वर्षें या दोघांचे डाव चालले. महेशचंद्र आपल्या संवयीप्रमाणें प्यादें एकच घर सरकवून मागें उंट बसवी. साहेबास ही चाल विचित्र वाटली असेल. परंतु आज जगांतील मोठमोठे खेळाडू ज्या बचावास 'इंडियन' या नांवानें ओळखतात, त्या नांवाचा उगम या कलकत्त्याच्या डावांत आहे.

दुसरें उदाहरण पंजाबच्या सुलतानखानाचें. सर उमर हयातखान या जमीनदाराच्या आश्रयास असलेला हा खेळाडू देशी नियमांत वाढला. युरोपीय नियम तो वयांत आल्यावर शिकला. १९२९ सालीं धन्याबरोबर तो विलायतेस गेला आणि त्याच वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. पुढें १९३२ व १९३३ सालीं तें पुन्हां मिळविलें. हेस्टिंग्सला १९३०-३१ च्या सामन्यांत माजी जगज्जेता कापाब्लांका याच्यावर त्यानें मात केली. त्याची सलामी नेहमींच कच्ची असे, कारण ती पुस्तकांतून यावयाची. परंतु डावाच्या अखेरीस त्याच्यापुढें भले भले टिकत नसत. त्याच घरची फातिमा नांवाची तरुणी १९३३ सालीं ब्रिटिश स्त्रियांचें अजिंक्यपद जिंकून गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस धनी परतला आणि त्याच्याबरोबर सुलतानखानही. आंतरराष्ट्रीय संघटनेनें त्यास सन्मान्य ग्रँडमास्टर केलें तें २०२४ सालीं, त्याच्या मृत्यूस ५८ वर्षें झाल्यावर! एवढ्या गुणी माणसाचा खेळ धन्याच्या येण्याजाण्यावर अवलंबून होता, ही गोष्ट आमच्या मनास त्याच्या विजयांहूनही अधिक लागते. आश्रयदात्याची मर्जी हीच ज्या खेळाची संस्था, त्या खेळाचें भवितव्य मर्जीइतकेंच.

म्हणून आम्हांस सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचें महत्त्व फार वाटतें. १९४१ सालीं भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं तें स्थापिलें. अखिल भारतीय बुद्धिबळ संघटना १९५१ ची, आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ सालीं आंध्रांत एलुरू येथें झाली, जींत आपले रामचंद्र सप्रे यांनीं वेंकय्या यांच्या बरोबरीनें अजिंक्यपद मिळविलें; हें लक्षांत घेतलें, म्हणजे एका जिल्ह्याच्या गांवीं त्याआधीं दहा वर्षें मंडळ निघतें याचा अर्थ कळतो. मंडळ म्हटलें कीं सतरंजीच्या जागीं टेबल येतें. डावाशेजारीं दुतोंडी घड्याळ येतें. प्रत्येक चाल कागदावर टिपावी लागते, आणि बघ्यांस तोंड मिटून उभें राहावें लागतें. आमच्या ओट्यावरील मंडळींस ही शिक्षा जन्मठेपेसारखी वाटली असती! पण टिपलेला डाव दुसऱ्या दिवशीं पुन्हां मांडतां येतो, चूक कोठें झाली तें दाखवितां येतें, आणि शिकविणाराच्या पश्चात् तो डाव उरतो. ओट्यावरचे सारे सुंदर डाव ज्या दिवशीं खेळले, त्याच दिवशीं मेले. महेशचंद्राचे डाव आज आपणांस ठाऊक आहेत, ते तरी कॉक्रेनच्या वर्तुळांतील कोणी ते टिपून ठेवले म्हणूनच.

दुसरा लाभ याहून मोठा. ओट्यावर कोणीं बसावें हें ओट्याचा मालक ठरवी, आणि तें कोणास बोलूनही दाखवावें लागत नसे. मंडळांत नांव नोंदविलें व वर्गणी भरली, कीं समोरच्या खुर्चीवर बसण्याचा हक्क मिळतो. हा हक्कही भांडल्यावांचून पुरा मिळाला असें मात्र नाहीं. १९७४ सालीं बंगलोर येथें स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंती खाडिलकर यांनीं जिंकली. आणि तेथपासून १९८३ पर्यंतचीं दहाही राष्ट्रीय अजिंक्यपदें वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन सख्ख्या बहिणींच्या घरींच राहिलीं. धाकट्या रोहिणीनें १९७६ सालीं तेराव्या वर्षीं पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत भाग घेतला, तेव्हां गहजब उडाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. आणि आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष डॉ. मॅक्स यूवे यांनीं स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. खाडिलकर भगिनींनंतर राष्ट्रीय अजिंक्यपद पांच वेळां मिळविणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे, आणि पुढें स्वाती घाटे, या पडसलगीकरांच्या हाताखालीं शिकलेल्या. वऱ्हाडापासून जवळच्या नागपुरांत वाढलेली दिव्या देशमुख हिनें २०२५ च्या जुलै महिन्यांत जॉर्जियांतील बातुमी येथें कोनेरू हंपी हिचा पराभव करून स्त्रियांचा विश्वचषक जिंकला, तेव्हां तिचें वय १९ वर्षांचें होतें.

ही बातमी वाचली त्या दिवशीं आम्हांस आमच्या आत्याची आठवण झाली. ओट्यामागच्या दाराच्या फटींतून तिनें हा खेळ उचलला होता. पुरुषमंडळी घरीं नसतांना, उन्हाळ्याच्या दुपारीं, माजघरांत खडूनें चौसष्ट घरें आंखून ती आम्हां मुलांशीं खेळे. मोहरीं म्हणजे चिंचोके, हळकुंडें आणि एक लवंगांची डबी. ती आमच्याशीं कधीं हरल्याचें स्मरत नाहीं. एकदां संध्याकाळीं ओट्यावर एक डाव अडला असतां तिनें आंतून, चहाचा पेला पुढें करतां करतां, एक चाल हळूच सुचविली. चाल बरोबर होती. त्या चालीनें डाव जिंकलाही. परंतु त्या दिवसापासून तें दार आंतून लावून घेण्याचा हुकूम झाला, आणि हुकूम देणारा दुसरा कोणी नसून ज्याचा डाव वांचला तोच होता. आम्ही तेव्हां लहान होतों, आणि हसलों होतों.

पुढें शाळेंत आम्ही आंतरराष्ट्रीय नियम शिकलों आणि सुटींत मोठ्या ऐटीनें ते आत्यास सांगूं लागलों. प्याद्याची दोन घरांची चाल तिला पटली. वेळ वांचतो म्हणाली. हव्या त्या मोहऱ्याचा हक्क तिला फार आवडला. राजा आणि हत्ती यांची अदलाबदल मात्र तिनें दोन वेळां करून पाहिली, मोहरीं पुन्हां जागच्या जागीं ठेविलीं, आणि म्हणाली, "आमच्या राजाला एक उडी होती, ती तो आपल्या मनानं मारायचा. तुमच्या राजाला कोपऱ्यात सरकायलासुद्धा हत्ती बरोबर लागतो." मग तिनें हळकुंडाचा राजा उचलला आणि घोड्याच्या उडीनें अडीच घरें पलीकडे नेऊन ठेविला.