रचलेले रान

न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हिंडणाऱ्यास वाटते की, भोवती शहर वाढत गेले आणि मधले हे रान तेवढे कोणाच्या तरी कृपेने वाचले. वस्तुस्थिती उलट आहे. ही जमीन खडकाळ व दलदलीची होती. आजची तळी माणसांनी घडविलेली आहेत. जमिनीखाली मातीचे नळ घालून निचरा साधला आहे. खडक सुरुंगाने फोडलेले आहेत. रॅम्बल नामक झाडीतून खळाळणारा ओढा तर तोटी फिरविली की वाहू लागतो!

१८५७ साली आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर झाली. ३३ आराखडे आले आणि पुढल्या वर्षी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स या जोडीची निवड झाली. स्पर्धेची एक अट मोठी अडचणीची होती : उद्यानातून किमान चार आडवे रस्ते गेले पाहिजेत. शहराची रहदारी आत शिरली म्हणजे रानाचा आभास मोडणार. या दोघांनी ते रस्ते खंदकासारखे खोल नेले, त्यांवर पूल बांधले आणि कडेला दाट झाडी लावली. वर फिरणाऱ्यास खालची गाडी सहसा दिसत नाही. मोटारीचा जन्मही झाला नव्हता त्या काळची ही योजना. आजच्या बसगाड्या त्याच खंदकांतून धावतात. बग्ग्या, घोडेस्वार आणि पादचारी यांच्या वाटाही निराळ्या आखल्या व त्या जेथे एकमेकींस छेदीत, तेथे कमानी घातल्या.

मात्र हे रान ओसाड जागेवर उभे राहिले, असे मानणे चुकीचे ठरेल. पश्चिमेच्या बाजूस सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी तेथे जमिनी विकत घेतल्या होत्या. १८५५ च्या सुमारास तेथे सव्वादोनशे माणसे, तीन चर्चे व एक शाळा होती. जमिनीचे मोल केवळ निवाऱ्याचे नव्हते. त्या राज्यात कृष्णवर्णीय पुरुषास मताधिकार हवा असल्यास अडीचशे डॉलरची स्थावर मालमत्ता असावी लागे. गोऱ्यास अशी अट उरली नव्हती. सरकारने भरपाई देऊन जमिनी सक्तीने ताब्यात घेतल्या आणि १८५७ मध्ये वस्ती उठली. भरपाईच्या रकमेत मताचा हिशेब कोठून येणार?

पुढे शंभराहून अधिक वर्षे या गावाचे नाव जवळजवळ विसरले गेले. २०११ साली तेथे उत्खनन झाले. हिरवळीखालून एका घराचा दगडी पाया, लोखंडी किटली आणि चामड्याचा एक लहानसा जोडा वर आला.