शिकवायचे काय, हाच प्रश्न असलेल्या शिक्षकांची संघटना

१९१० चा उन्हाळा. अमेरिकेतील आयोवा राज्यात, एम्स येथे कृषी महाविद्यालयांतील अध्यापक व संशोधकांसाठी उन्हाळी वर्ग भरला होता. तेथे जमलेल्या काही जणांनी ‘अमेरिकन फार्म मॅनेजमेंट असोसिएशन’ स्थापन केली. अमेरिकेतील कृषी अर्थशास्त्रज्ञांच्या आजच्या संघटनेचे हे एक मूळ. वर्गात जन्मलेल्या या संघटनेला पुन्हा वर्गाकडे वळायला किती काळ लागला, ते पाहू. #थ्रेड

‘शेती व्यवस्थापन’ हा विषय तेव्हा महाविद्यालयांत नवा होता आणि तो शिकवणारे बहुतेक जण दुसरेच काही शिकून आले होते. संघटनेचे पहिले अध्यक्ष विल्यम स्पिलमन हे गव्हाच्या संकराचे अभ्यासक. (मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम त्यांना स्वतंत्रपणे गवसले होते, तो एक निराळाच थ्रेड होईल.) कॉर्नेल विद्यापीठाचे जॉर्ज वॉरन मूळचे उद्यानविद्येचे. पीक कसे वाढवावे हे दोघेही जाणत. परंतु चांगले पीक घेणाऱ्याच्याही हाती पैसा का उरत नाही, याचे उत्तर पीकशास्त्रात नव्हते.

वॉरन यांनी ते शेतकऱ्यांच्या दारी जाऊन शोधले. न्यूयॉर्क राज्यातील टॉम्पकिन्स काउंटीत त्यांनी जमीन, भांडवल, विक्री आणि खर्च यांची शेतागणिक नोंद केली. उत्पन्नातून खर्च व भांडवलावरील व्याज वजा जाता जे उरते, ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या कष्टाचे मोल. त्याला ‘श्रम-उत्पन्न’ म्हटले गेले. हा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक निष्कर्ष आजही विचारात पाडतो : गावच्या शाळेपुरते शिकलेल्यांपेक्षा हायस्कूलपर्यंत गेलेल्यांचे श्रम-उत्पन्न सरासरीने बरेच अधिक होते. हा शिक्षणाचा परिणाम, की शिकायला मिळाले तेच मुळात सधन घरचे? इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा आकड्यापाशी थोडे थांबावे. १९१३ साली वॉरन यांचे पाठ्यपुस्तक आले आणि शेतकऱ्यांचे हिशेब वर्गात पोहोचले.

याच कॉर्नेलमध्ये पुढे लेनर्ड एल्महर्स्ट हा इंग्रज तरुण शिकला. १९२२ साली तो रवींद्रनाथांच्या सुरूल येथील ग्रामपुनर्रचनेच्या कामात उतरला आणि १९२९ साली कृषी अर्थशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद त्याच्याच डार्टिंग्टन हॉलमध्ये भरली.

विस्कॉन्सिनचे हेन्री टेलर मात्र अर्थशास्त्राच्या बाजूने आले होते. त्यांचे पाठ्यपुस्तक १९०५ चे. केवळ नोंदी जमवून भागत नाही, आधी सिद्धान्त हवा, हा त्या परंपरेचा आग्रह. वरवर हा संशोधनपद्धतीचा वाद दिसतो. माझ्या मते तो विद्यार्थ्याच्या हाती आधी काय द्यावे याचा होता. १९१९ साली दोन्ही प्रवाह एका संघटनेत आले आणि त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ फार्म इकॉनॉमिक्स’ सुरू झाले.

पुढे प्रतिष्ठा मिळाली ती छापील संशोधनाला. उत्तम व्याख्यान तास संपताच विरते, शोधनिबंध मात्र ग्रंथालयात राहतो. बढतीच्या वेळी कोणता पुरावा पुढे येणार, हे उघडच आहे.

आज त्या संघटनेत अध्यापन-अध्ययनासाठी स्वतंत्र विभाग आहे. वर्गातील प्रयोग, अभ्यासप्रकरणे आणि अध्यापनपद्धती यांना वाहिलेले ‘अप्लाइड इकॉनॉमिक्स टीचिंग रिसोर्सेस’ हे तिचे नियतकालिक निघाले २०१९ साली, संशोधनाच्या नियतकालिकानंतर बरोबर १०० वर्षांनी.