सरकलेली वाटी

पॉमेरेनियन कुत्रा धावता धावता मागचा एक पाय उचलतो, चार पावलं लंगडी घालतो, पाय झटकतो आणि पुन्हा पळू लागतो. घरच्यांना गंमत वाटते. त्या चार पावलांत त्याच्या गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला सरकून परत जागेवर आलेली असते.

या हाडाला लॅटिनमध्ये ‘पटेला’ म्हणतात, म्हणजे छोटं ताट. सुश्रुतसंहितेने गुडघ्याचं हाड ‘कपाल’ वर्गात, खापरीसारख्या हाडांत घातलं. मराठीने वाटी म्हटलं. भांड्याची उपमा सगळीकडे सुचली! वाटी ज्या खोबणीतून सरकते ती ‘ट्रॉक्लिया’, म्हणजे कप्पी. आणि हे नाव तर फारच नेमकं आहे. विहिरीच्या रहाटावरून दोर उतरावा तसे मांडीचे स्नायू या खोबणीवरून नडगीपर्यंत उतरतात. खोबण उथळ असली किंवा दोराचं खालचं टोक आत वळलेलं असलं, की वाटी घसरते.

मग नुसते सांध्याचे पडदे आवळून शिवले तर ते पुन्हा सैल पडणारच. माणसाच्या गुडघ्यात दोराचं टोकच हलवण्याची शस्त्रक्रिया लोझानच्या सेझार रू यांनी 1888 मध्ये मांडली. कुत्र्यांवरही पुढे तोच विचार लागू झाला: नडगीचा वरचा उंचवटा कापायचा, बाहेरच्या बाजूला सरकवायचा आणि तारेने पक्का करायचा.

1968 मध्ये पटनम यांनी कुत्र्यांमधल्या या दोषाच्या तीव्रतेच्या चार पायऱ्या ठरवल्या, पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या सिंगलटन यांनी त्या सुधारल्या. आजही दवाखान्यात त्याच पायऱ्या बोलल्या जातात.

खोबणीचा प्रश्न अवघड होता. ती खोल करायला कानशीने घासली, की गुळगुळीत कूर्चाही जायची, आणि तशी कूर्चा पुन्हा उगवत नाही. 1982 च्या एका शोधनिबंधात याचं सुंदर उत्तर आलं. लेखकांत माणसांचे अस्थिशल्यविशारद डोनाल्ड स्लोकम आणि पशुवैद्य बार्कले स्लोकम, दोघेही होते. कलिंगडाची डगळी काढावी तशी कूर्चेसकट हाडाची पाचर काढायची, खालचं हाड थोडं आणखी कापायचं आणि तीच पाचर परत बसवायची. खोबण खोल होते, कूर्चा शाबूत राहते. पुढे पाचरीऐवजी चौकोनी ठोकळा काढण्याची रीतही आली.

चौथ्या पायरीत वाटी खोबणीबाहेरच अडकते, हाडंही पिळवटलेली असतात. तिथे कधी मांडीचं हाडच कापून सरळ करावं लागतं. पहिल्या पायरीत मात्र डॉक्टरांनी अंगठ्याने ढकललेली वाटी हात सोडताच आपली आपण परत येते, आणि सहसा सुरी लावावी लागत नाही.