चॅसी आणि बॉडी : चेन्नईच्या मोटारबांधणीतून एक धडा

महामार्गावर तुम्ही हे दृश्य कधीतरी पाहिले असेल. नुसता लोखंडी सांगाडा, इंजिन, चाके आणि स्टिअरिंग रस्त्याने धावत आहे. ना छप्पर, ना दारे, ना काच. चालक तोंडाला फडके बांधून आणि गॉगल लावून उघड्यावर बसलेला. ही बसची चॅसी. चेन्नईजवळच्या एन्नोर येथील अशोक लेलँडच्या कारखान्यातून निघालेल्या अशा चॅसींवर एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बॉडी चढत आली आहे. ज्या लाल एसटीने तुम्ही गावाला गेलात, तिचे यंत्र चेन्नईचे आणि अंग पुण्याचे असण्याची बरीच शक्यता आहे.

यंत्र एकाने करायचे आणि बॉडी दुसऱ्याने, ही पद्धत आली कुठून? बस-ट्रकमध्ये ती टिकली, मग मोटारीतून का गेली? या टिपणात हे दोन प्रश्न पाहू. त्यांना निमित्त झाले माझे चार विद्यार्थी. मी चेन्नईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. या चौघांपैकी एकाच्या आजोबांची १९६० च्या दशकातील स्टँडर्ड हेरल्ड घराच्या आवारात उभी होती. तिची बॉडी कापून काढायची आणि चॅसीवर १९३० सालच्या धाटणीची दोन माणसांची उघडी गाडी बांधायची, असा त्यांचा बेत होता. आराखडा चांगला होता. मी त्यांना एवढेच म्हटले, “कापण्याआधी इतिहास वाचू.”

१. खोगीरवाल्यांपासून मोटारीपर्यंत

मद्रासमध्ये १८४० साली सिम्पसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने खोगीर आणि घोड्यांचे साज बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. साजामागून घोडागाड्या आल्या आणि सिम्पसन कंपनी गाड्या बांधण्यात नावाजली. याच कंपनीतील सॅम्युअल जॉन ग्रीन यांनी १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार बांधली. भारतात बांधलेली ती पहिली वाफेची मोटार मानली जाते.

हा क्रम लक्षात घ्या. मोटार आली तेव्हा तिचे इंजिन नवे होते, पण तिच्या अंगाची विद्या जुनीच होती. लाकडाचा सांगाडा जोडणे, त्यावर पत्रा ठोकणे, गादी भरणे, रंगाचे थर देणे ही कामे बग्गी बांधणाऱ्यांना येतच होती. म्हणून शब्दही तेच राहिले. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी फळी म्हणजे डॅशबोर्ड. घोडा गेला तरी नाव उरले. ‘कूपे’ आणि ‘लँडो’ हेही आधी घोडागाड्यांचे प्रकार होते. रोल्स-रॉइससारखी कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत फक्त चॅसी विकत असे. बॉडी कोणाकडून बांधून घ्यायची ते गिऱ्हाईक ठरवी.

२. पत्रा काय ऐकतो, काय ऐकत नाही

आता एक पोस्टकार्ड घ्या. ते नळीसारखे वळवा, वळते. शंकूसारखे गुंडाळा; तेही जमते. आता तेच कार्ड नारळावर चपखल बसवून पाहा. सुरकुत्या पडतील किंवा कार्ड फाटेल. एकाच दिशेने वळलेला पृष्ठभाग सपाट पत्र्यातून नुसता वाकवून मिळतो. दोन्ही दिशांनी वळलेला पृष्ठभाग मिळवायचा तर पत्र्याला कुठे ताणावे लागते, कुठे आकसावे लागते. ताणण्यासाठी पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकतात, मग दोन चाकांमधून फिरवून गुळगुळीत करतात. आकसण्यासाठी तेवढाच ठिपका लाल होईपर्यंत तापवून ठोकतात आणि ओल्या फडक्याने थंड करतात. ठोकून ठोकून पत्रा कडक होत जातो. वेळेवर तापवून नरम केला नाही तर त्याला तडा जातो.

आता १९२०-३० च्या गाड्यांची चित्रे पुन्हा पाहा. बॉनेट एकाच दिशेने वळलेले, मध्ये बिजागरी. दारे जवळजवळ सपाट. दोन्हीकडून वळलेले भाग मुख्यतः मडगार्ड आणि शेपटी. हा आकार निव्वळ आवडीचा नव्हता. हातोडीने, मोजक्या वेळात, मोजक्या गाड्या बांधायच्या तर जे परवडते तेच त्यात दिसते. आज घरी गाडी बांधणारे हौशी लोक जुन्या धाटणीकडे वळतात, त्यामागे जुन्याच्या ओढीइतकेच हेही कारण आहे: ती धाटणी साध्या अवजारांनी साधते.

३. बॉडी आणि चॅसी एक झाल्या

अमेरिकेत एडवर्ड बड यांच्या कारखान्याने १९१४ च्या सुमारास डॉज कंपनीसाठी लाकडाविना, संपूर्ण पोलादी बॉडी पुरवायला सुरुवात केली. तिचा फायदा नुसत्या मजबुतीपुरता नव्हता. लाकूड नसल्याने रंगवलेली बॉडी भट्टीत घालता येऊ लागली आणि जो रंग वाळायला आठवडे लागत, तो काही तासांत पक्का होऊ लागला. पुढे १९३४ च्या सित्रोएन ट्रॅक्शन अव्हाँसारख्या गाड्यांमध्ये वेगळी चॅसीच उरली नाही. बॉडी स्वतःच भार पेलू लागली. आपली अ‍ॅम्बेसेडरही याच पद्धतीची. अशी गाडी हलकी आणि ताठ असते, पण तिच्यासाठी लागणारे साचे आणि प्रेस फार महाग. हजारो गाड्या निघाल्या तरच तो खर्च वसूल होतो. मोटारीच्या बॉडीचे काम हातोडीवाल्याच्या हातून गेले ते इथे. बस-ट्रकची संख्या कमी आणि गरजा निरनिराळ्या, म्हणून तिथे हा धंदा टिकला. तमिळनाडूतील करूर आजही बसबांधणीसाठी ओळखले जाते.

४. मग हेरल्डचे काय?

इंग्लंडमध्ये १९५९ साली ट्रायम्फ हेरल्ड बाजारात आली, तेव्हा वेगळी चॅसी जुनाट समजली जात होती. तरी हेरल्डला ती होती. कारण कारखानदारीतले होते. कंपनीला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला होता. म्हणून बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून चॅसीवर बोल्टने जोडायचे ठरले. रेखाटन केले इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. एकाच चॅसीवर छप्पर बदलून बंद गाडी, उघडी गाडी, मागे सामानाची जागा असलेली गाडी, असे प्रकार निघाले.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून हीच गाडी ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने बनवली. पुढे तिची चार दारांची आवृत्ती काढली. ती इंग्लंडमध्ये कधीच बनली नाही. बोल्टने जोडलेल्या बॉडीमुळे असा बदल करणे सुकर होते. आणि १९७० च्या दशकापासून इंग्लंडमधील हौशी लोक जुन्या हेरल्डची बॉडी उतरवून तिच्या चॅसीवर जुन्या एमजीसारखी दिसणारी ‘जेंट्री’ घरच्या घरी बांधू लागले. माझ्या विद्यार्थ्यांना वाटत होते की ही कल्पना त्यांचीच आहे. ती तिथे पन्नास वर्षांपूर्वीच रुळली होती.

फरक असा की इंग्लंडमध्ये हेरल्ड ढिगाने उपलब्ध होत्या. आपल्याकडे त्या मोजक्या उरल्या. शिवाय कायदाही पाहावा लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांपासून वेगळी होईल अशी फेरफार गाडीत करता येत नाही. उलट जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चॅसीत किंवा बॉडीत मोठा बदल केला की ती संधी जाते. म्हणजे व्हिंटेजसारखी दिसणारी गाडी बांधण्यासाठी हे चौघे खरीखुरी व्हिंटेज गाडी कापणार होते, आणि बांधलेली गाडी आवाराच्या फाटकाबाहेर नेता आली नसती.

हे सांगितल्यावर दोन दिवस कोणी बोलले नाही. मग ठरले, बॉडी कापायची नाही. पण हाताने पत्रा घडवण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही, आणि तो सोडू नये असे मलाही वाटत होते. हेरल्डचा डावा मडगार्ड गंजून खालून गेला होता. तोच २० गेजच्या, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून घडवायचे ठरले. पहिला तुकडा मी दाखवायला घेतला आणि जास्त ठोकून वाया घालवला. कडा लाटांसारख्या झाल्या. शेवटी पुदुपेट्टैच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातील एका वयस्कर पत्रेकारागिराला बोलावले. त्यांनी हातोडी उचलण्याआधी डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवला आणि खडूने चार ठिपके काढले. ठोकायचे तेवढ्याच जागी. बाकीच्या पत्र्याला हात लावायचा नाही.

तिसरा मडगार्ड बसला. गाडी अजून चालू झालेली नाही; इंजिनाचे काम पुढच्या सत्रात.

तुम्हीही अशी गाडी बांधायच्या विचारात असाल तर जरूर बांधा. नव्या नळ्यांची चौकट करा, पुठ्ठ्याचे नमुने कापा, सपाट भागांपासून सुरुवात करा आणि ती खासगी आवारातच चालवा. पण पायाला जुनी गाडी घेणार असाल, तर आधी तिची नोंदणी, वय आणि जन्मगाव पाहा. मोडायला निघालेली गाडी कदाचित बांधायच्या गाडीपेक्षा मोलाची निघेल.

स्वाध्याय : तुमच्या गावातील एसटी, ट्रॅक्टर ट्रॉली किंवा तीनचाकी टेम्पो घ्या. त्याचे कोणते भाग एका दिशेने वळलेले आहेत आणि कोणते दोन्ही दिशांनी, याची यादी करा. प्रत्येक भाग हाताने घडवला असेल की प्रेसमध्ये, ते कारणासह लिहा.