ह्यू हर

ह्यू हर (जन्म : २५ ऑक्टोबर १९६४, लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया) हे अमेरिकन प्रस्तरारोहक, यंत्र अभियंता आणि जैवभौतिकशास्त्रज्ञ आहेत. १९८२ साली हिमदंशामुळे दोन्ही पाय गुडघ्याखाली गमावल्यानंतर त्यांनी स्वतः घडवलेल्या कृत्रिम पायांच्या साहाय्याने पुन्हा आरोहण सुरू केले आणि अपघातापूर्वीपेक्षाही कठीण चढाया पूर्ण केल्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथील मीडिया लॅबमध्ये ते प्राध्यापक असून तेथील जैवयांत्रिकी गटाचे प्रमुख आहेत.

बालपण

पाच भावंडांत हर सर्वांत धाकटे. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी कॅनडाच्या रॉकी पर्वतातील ३,५४४ मीटर उंचीच्या माउंट टेंपलवर चढाई केली, आणि सतरा वर्षांचे होईपर्यंत अमेरिकेच्या पूर्व भागातील अग्रगण्य प्रस्तरारोहकांत त्यांची गणना होऊ लागली. शाळेत मात्र त्यांचे लक्ष नसे. शंभराचे दहा टक्के किती, हेही आपल्याला सांगता येत नसे, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत त्यांनी यंत्रशाळेतील कामाचे प्रशिक्षण घेतले होते आणि हेच कौशल्य त्यांना नंतर उपयोगी पडले.

माउंट वॉशिंग्टनवरील अपघात

न्यू हॅम्पशायर राज्यातील माउंट वॉशिंग्टन (१,९१७ मीटर) हा उंचीने कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटरने मोठा, परंतु हवामानाच्या बाबतीत जगातील कुप्रसिद्ध पर्वतांपैकी एक आहे. १२ एप्रिल १९३४ रोजी तेथील वेधशाळेत ताशी ३७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली होती. हा उच्चांक १९९६ पर्यंत अबाधित होता.

जानेवारी १९८२ मध्ये हर आणि त्यांचे सहकारी जेफ बॅट्झर यांनी या पर्वताच्या हंटिंग्टन दरीतील ओडेल्स गली ही बर्फाने गोठलेली घळ चढून पार केली. वजन कमी व्हावे म्हणून मुक्कामाचे जड सामान त्यांनी वाटेतच ठेवले होते. चढाई अपेक्षेपेक्षा लवकर संपली, म्हणून दोघे शिखराच्या दिशेने थोडे पुढे गेले. तेवढ्यात हिमवादळाने त्यांना गाठले. समोरचे दिसेनासे झाले, दिशा चुकली आणि ज्या बाजूने ते चढले होते त्याऐवजी ते विरुद्ध बाजूच्या ग्रेट गल्फ या निर्जन खोऱ्यात उतरले. उणे २९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेल्या तापमानात त्यांनी तेथे तीन रात्री काढल्या. हिमपादत्राणे घालून फिरायला निघालेल्या एका महिलेला त्यांच्या पावलांचे ठसे दिसले आणि त्यांचा माग लागला. त्यानंतर हेलिकॉप्टरने दोघांना बाहेर काढण्यात आले.

शोधमोहिमेतील स्वयंसेवक अल्बर्ट डाउ (वय २८) यांचा मात्र हिमस्खलनात मृत्यू झाला होता. या दोन तरुणांना ते ओळखतही नव्हते. हर यांच्या पुढील आयुष्याचा विचार या घटनेला वगळून करता येत नाही. आपल्यासाठी एका अनोळखी माणसाने जीव गमावला, तेव्हा उरलेल्या आयुष्याचा काही उपयोग झाला पाहिजे, ही भावना त्यांनी मुलाखतींतून वारंवार व्यक्त केली आहे. हंटिंग्टन दरीतील बचावसाहित्याच्या साठ्याला डाउ यांचे नाव देण्यात आले आहे.

बॅट्झर यांना डावा पाय, उजव्या पायाची बोटे आणि उजव्या हाताची बोटे गमवावी लागली. हर यांचे पाय वाचवण्याचे प्रयत्न काही आठवडे चालले, पण अखेरीस दोन्ही पायांचे गुडघ्याखाली विच्छेदन करावे लागले. यापुढे आरोहण शक्य नाही, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते.

आरोहणाकडे परतणे

हर वर्षभराच्या आत कड्यावर परतले. मिळालेले कृत्रिम पाय चालण्यासाठी बनवलेले होते आणि खडकावर ते निरुपयोगी ठरले. कृत्रिम पाऊल मानवी पावलासारखेच दिसले पाहिजे, असा तेव्हाचा सार्वत्रिक समज होता. मात्र उभ्या कड्यावर टाच लागत नाही आणि बोटांच्या आकाराचाही उपयोग होत नाही, हे हर यांच्या लक्षात आले. यंत्रशाळेत बसून त्यांनी प्रत्येक प्रकारच्या चढाईसाठी वेगळी पावले तयार केली. नाण्याच्या जाडीएवढ्या कंगोऱ्यावर उभे राहण्यासाठी लहान व ताठ पाऊल, अरुंद भेगेत रुतवण्यासाठी पाचरीसारखे निमुळते पाऊल आणि बर्फासाठी टायटॅनियमचे टोकदार खिळे असलेले पाऊल. नळ्यांची लांबी बदलून त्यांना आपली उंची पाच फुटांपासून आठ फुटांपर्यंत कमी-जास्त करता येत असे. पोटऱ्या नसल्याने त्या थकण्याचा प्रश्न नव्हता, शिवाय शरीराचे वजनही घटले होते.

१९८० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी न्यू हॅम्पशायरमधील कॅथेड्रल लेज कड्यावरील ‘स्टेज फ्राइट’ आणि वॉशिंग्टन राज्यातील इंडेक्स येथील ‘सिटी पार्क’ या मार्गांवर चढाई केली. ‘सिटी पार्क’ हा बोटांची पेरे जेमतेम शिरतील अशा भेगेचा मार्ग त्या काळी देशातील सर्वांत कठीण मार्गांत गणला जाई. मोठे अवयवविच्छेदन झाल्यानंतर धडधाकट खेळाडूंच्या बरोबरीने उच्च पातळीवर कामगिरी करणारे ते पहिले खेळाडू असल्याचे मानले जाते. कृत्रिम पायांमुळे त्यांना गैरफायदा मिळतो, असा आक्षेपही काही आरोहकांनी घेतला. ज्यांच्याबद्दल आधी हळहळ व्यक्त होत होती, त्यांच्याबद्दल अशी तक्रार व्हावी, ही एका अर्थी कामगिरीची पावतीच म्हणावी लागेल. अ‍ॅलिसन ओसियस यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र ‘सेकंड असेंट’ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

संशोधन

कड्यावर उत्तम चालणारे पाय जमिनीवर मात्र वेदना देत. या प्रश्नाने हर अभ्यासाकडे वळले. मिलर्सव्हिल विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी, एमआयटीतून यंत्र अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी आणि हार्वर्ड विद्यापीठातून जैवभौतिकशास्त्रात डॉक्टरेट (१९९८) असा त्यांचा शैक्षणिक प्रवास आहे.

चालताना माणसाची पोटरी दर पावलागणिक शरीराला पुढे ढकलते. साध्या कृत्रिम पावलात केवळ स्प्रिंग असते. साठवलेल्यापेक्षा अधिक ऊर्जा ती देऊ शकत नाही, त्यामुळे वापरणाऱ्याची दमछाक होते. हर यांच्या गटाने मोटर, स्प्रिंग, संवेदक आणि बॅटरी यांचा मेळ घालून हा धक्का देणारा कृत्रिम घोटा विकसित केला. त्याच्या उत्पादनासाठी त्यांनी स्थापन केलेली कंपनी (आयवॉक, पुढे बायोनएक्स) २०१७ मध्ये ऑटोबॉक या जर्मन कंपनीने विकत घेतली. गुडघ्यावर विच्छेदन झालेल्यांसाठी संगणक-नियंत्रित ‘रिओ नी’ या गुडघ्याच्या निर्मितीतही त्यांचा सहभाग होता. २०१४ च्या टेड व्याख्यानात, बॉस्टन मॅरेथॉनमधील बॉम्बस्फोटात डावा पाय गमावलेल्या नर्तकी एड्रियन हॅस्लेट-डेव्हिस यांनी या गटाने बनवलेल्या पायावर नृत्य सादर केले.

यूइंग विच्छेदन

डिसेंबर २०१४ मध्ये हर यांचे जुने आरोहक मित्र जिम यूइंग केमन बेटांवर चढाई करताना सुमारे पन्नास फूट खाली कोसळले. डावा घोटा बरा होईना, तेव्हा त्यांनी हर यांचा सल्ला घेतला. विच्छेदनाच्या रूढ पद्धतीत एकमेकांविरुद्ध काम करणाऱ्या स्नायूंच्या जोड्या तुटतात आणि आपला पाय कोठे व कसा आहे हे मेंदूला कळेनासे होते. हर आणि शल्यविशारद मॅथ्यू कार्टी यांच्या गटाने अशा जोड्या पुन्हा एकमेकींना जोडण्याची पद्धत आखली. एक स्नायू आखडला की दुसरा ताणला जातो आणि मेंदूला नैसर्गिक संवेदना मिळते. २०१६ मध्ये यूइंग यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. ती करून घेणारे ते पहिले रुग्ण असल्याने तिला त्यांचेच नाव मिळाले. पुढे यांत्रिक घोटा लावून ते केमन बेटांवर परतले आणि तेथील कड्यावर पुन्हा चढले.

२०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी शस्त्रक्रिया झालेल्या सात व्यक्तींचा, रूढ पद्धतीने विच्छेदन झालेल्या सात व्यक्तींशी तुलना करून विचार करण्यात आला. पहिल्या गटाचा चालण्याचा कमाल वेग ४१ टक्क्यांनी अधिक आढळला.

सन्मान

हर यांना २००७ मध्ये हाइन्झ पुरस्कार, तर २०१६ मध्ये तंत्र व विज्ञान संशोधनासाठी स्पेनचा प्रिन्सेस ऑफ अस्तुरियास पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये एमआयटीत स्थापन झालेल्या के. लिसा यांग जैवयांत्रिकी केंद्राचे ते सहसंचालक आहेत. सिएरा लिओनमध्ये कृत्रिम अवयवांची सेवा उभारणे हा या केंद्राच्या पहिल्या उपक्रमांपैकी एक होता.